भाऊ जेवले का

माझं माहेर नायगावचं, खाडीच्या अंगाला. आता तिथं मोठमोठे टावर झालेत, तुमी येता-जाता बघितले असनार, पन मी पोरगी होते तवा तिथं मिठागर आनि चिखल आनि भाताची खाचरं, दुसरं काय नाय. बाप मिठागरावर, आई खाडीत, आनि आमी पोरं आईच्या मागं मागं. निवट्या पकडायला मी चालायच्या आधी शिकले असं आई सांगायची, खोटंच सांगायची, पन तिला सांगायला बरं वाटायचं. निवट्या तुमाला म्हाईत हायेत का, चिखलात उड्या मारनारी बारकी मासळी असते, डोळे वर काढून बघत बसते आनि हात घातला की सुळकन जाते. आमच्यात बाळंतीन असू दे नायतर तापातनं उठलेला मानूस असू दे, त्याला पयलं निवट्यांचं कालवन. अंगात ताकद भरते. सगळी दुखनी आमी अशीच काढली, डॉक्टर नंतर.

लग्न करून आचोळ्याला आले. सासू मासळी विकायची, तिनं वर्षभर माझं तोंड बघितलं आनि मंग म्हनाली, हिरा, तू भांडतेस चांगली, तू धंदा कर. झालं, पाटी डोक्यावर आली. आजून हाय. पहाटे बंदरावर जायचं, मासळी घ्यायची, टमटममधी पाट्या टाकायच्या आनि आचोळ्याला येऊन सोसायटीच्या गेटवर बसायचं. पयले लोक दोन मजल्याच्या घरांत होते, मंग बिल्डिंगी झाल्या, गिऱ्हाईक वाढलं, माझी जागा तीच. घरातला मानूस म्हनतो आता बस कर, गुडघे गेले तुझे. मी म्हनते, गुडघे गेले, तोंड हाय ना.

आता दळवींचं सांगते, ताई, तुमी तीच गोष्ट ऐकायला आलात ना, मला कळतं. दळवीभाऊ आनि दळवीवहिनी, मालवनकडची मानसं, गेटच्या बरोबर वर पयल्या मजल्यावर राहतात. भाऊ मुंबईला हापिसात होते, रिटायर होऊन थोडाच काळ झालेला. मुलगी एक, ती नाशकाला दिलेली. वहिनी म्हनजे काय सांगू तुमाला, गिऱ्हाईक कसं असावं तर तसं. रोज भांडायची माझ्याशी. हा बांगडा कालचा हाय म्हनायची, मी म्हनायचे काल तू झोपली होतीस म्हनून तुला कालचा दिसतो, असं आमचं चालायचं, आनि शेवटी घ्यायचीच. आनि भाऊ वर ग्यालरीत उभे राहून सांगायचे, सुलू, मुडदुशे असतील तर बघ. त्या मानसाला मासळीशिवाय घास उतरत नाय, आनि मुडदुशे म्हनजे ती लांबट, पांढरी मासळी, तिच्यावर तर जीव. रविवारी त्यांच्या घरातनं फोडनीचा वास खाली आला की मलाच भूक लागायची, आनि मी तर दिवसभर मासळीत.

मंग वहिनी खाली यायची बंद झाली. मला वाटलं लेकीकडं गेली असनार. आनि एक दिवस भाऊ आले, हातात पिशवी नाय, समोर उभे. मंग म्हनाले, हिराबाई, एक विचारू का, उद्यापासून जरा पलीकडं, त्या नारळाखाली बसाल का. माझं टाळकं फिरलं. म्हनलं का, इतकी वर्षं माझा वास चालला, आता बिल्डिंगला रंग दिलात तर वास यायला लागला काय. हात जोडून उभे राहिले हो माझ्यासमोर. म्हनाले, सुलूला कॅन्सर निघालाय पोटाचा, किमो चालू केलाय, खिडकीतनं वास आला की तिला उलट्या होतात. तिथल्या तिथं पाटी उचलली आनि नारळाखाली गेले, आनि दिवसभर मला कुनी मासळी मागितली की मी त्याच्या अंगावर जात होते.

वहिनींना बघायला मंग सगळी बिल्डिंग गेली, तुमाला म्हाईतच हाय आपल्याकडचं. कुनी शहाळं नेलं, कुनी सफरचंद, कुनी मुगाची खिचडी. येनारा जानारा भाऊंना एकच विचारायचा, वहिनी कशा हायेत. आनि भाऊ पयल्यापासून सगळं सांगायचे, आनि येनाऱ्याला चहा करायचे, आनि कपबश्या धुवायचे. मी खालनं बघायचे. तो मानूस कदी ग्यालरीत वहिनींचे गाऊन वाळत घालताना दिसायचा, कदी त्यांना हाताला धरून दोन पावलं चालवताना. गाऊनला इस्त्री करायचे. आनि मोजे, हे तर मी डोळ्यांनी बघितलं नंतर, किमोनं वहिनींचे पाय थंडगार पडायचे, तर हा मानूस मोज्यांवरनं गरम इस्त्री फिरवायचा आनि ऊब असेपर्यंत पायांत चढवायचा. कुकरची शिटी झाली की वहिनी दचकायच्या, म्हनून भात पातेल्यात शिजवायला शिकले. आमच्या घरातल्या मानसाला पान्याचा तांब्या कुठं ठेवलाय ते म्हाईत नसतं, ताई.

मला वाटलं आपनही काय तरी करावं. मी काय करनार, मला जे येतं तेच. माहेरी गेले, भावजयीला म्हनलं चल खाडीत, गुडघ्यांनी शिव्या घातल्या मला, पन चिखलात उतरले आनि निवट्या काढल्या. तिखट नाय, आंबट नाय, नुसतं हळद, मीठ आनि लसून, असं पातळ कालवन केलं, स्टीलच्या डब्यात घातलं, आनि गेले वर. भाऊंनी दार उघडलं, मी म्हनलं हे वहिनींना पाजा, चार दिवसांत उठून माझ्याशी भांडायला येईल. भाऊंनी डबा घेतला. दुसऱ्या दिवशी डबा परत आला, घासूनपुसून, रिकामा देऊ नये म्हनून आत साखर घातलेली. म्हनाले, छान होतं हो. छान होतं म्हनल्यावर मी काय करनार, पुन्हा केलं. पुन्हा डबा आला, पुन्हा साखर. मी घरी सांगत सुटले, माझ्या कालवनानं वहिनींच्या तोंडाला चव आली म्हनून.

त्यांच्या समोरच्या घरात परेरा टीचर राहतात, आपल्या वसईच्याच, गावातल्या किरिस्ताव, शाळेत शिकवायच्या. त्या एक दिवस नारळाखाली आल्या आनि मला म्हनाल्या, हिरा, तू काय करतेस तुला कळतं का. तुझा डबा दारातनं आत गेला की बाई ओकायला लागते, काल चादर तीनदा बदलली त्यांनी, आनि तुला वाईट वाटेल म्हनून हा मानूस तुला सांगत नाय. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाटी तशीच टीचरच्या भरवशावर टाकली, टीचर बिचाऱ्या मासळीपाशी उभ्या राहिल्या, आनि मी वर गेले. दारापर्यंत नाय गेले, चार पायऱ्या खाली थांबले आनि तिथनंच हाक मारली.

भाऊ बाहेर आले, दार मागं ओढून घेतलं. मी म्हनलं भाऊ, चुकले, पन तुमी बोलायचं की नाय. ते म्हनाले, तुमी चिखलात जाऊन आनलेलं कळलं मला, मी कुठल्या तोंडानं नको म्हनू. असं म्हनता म्हनता ते जिन्यावर बसले. बसले म्हनजे पाय गेले त्यांचे. मी धरलं. धरलं तवा कळलं, सदऱ्याच्या आत मानूसच नाय, नुसती हाडं. पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं. मी विचारलं, भाऊ, जेवलात का. आनि ताई, तो मानूस माझ्याकडं असा बघायला लागला की जसं काय मी परक्या भाषेत विचारलं. किती दिवसांत कुनी विचारलंच नव्हतं त्यांना. सगळी खिचडी वहिनींसाठी, सगळी फळं वहिनींसाठी.

मंग सांगितलं त्यांनी. फोडनी दिली की तिला मळमळतं म्हनून घरात फोडनी बंद. कांदा बंद, लसून बंद, मासळी तर कदीचीच बंद. चहा-पाव खातो, दहीभात खातो, तोही चमचा-दोन चमचे. मी म्हनलं मंग बाहेर खावा, हाटेल काय कमी हायेत आचोळ्याला. तर मान खाली घालून म्हनाले, हिराबाई, भुकेचं नाय. ती तिकडं पेजेच्या चमच्यापुढं तोंड फिरवते आनि मी इकडं बसून भरपेट जेवू, माझ्या घशाखाली उतरत नाय. मी लई बोलले त्यांना. म्हनलं तुमी पडलात तर तिला उचलनार कोन, मुलीला तिकडं डॉक्टरनं पोटुशी म्हनून पडून राहायला सांगितलंय, मी उचलू काय, माझ्या वासानं ती अर्धी मरेल. ते थोडे हसले. मला तेवढंच पाहिजे होतं.

तिथनं आमी ठरवलं, मी आनि टीचरनं. दुपारी पाटी आवरली की मी घरी जायचं, आंघोळ करायची, बेसन लावून, लिंबाच्या साली हातांना चोळून, धुतलेलं पातळ नेसायचं आनि वहिनींपाशी जाऊन बसायचं. भाऊंनी तोपर्यंत आमच्या घरी जायचं, गावठानात, हाकेच्या अंतरावर, माझी सून मंजुळा त्यांना ताट वाढनार. तिच्या हाताला चव हाय, मी तिच्या तोंडावर सांगत नाय एवढंच. आनि ज्या दिवशी मला जमनार नाय त्या दिवशी टीचर बसनार. वहिनींना सांगितलं, भाऊ औषधाला गेलेत, बँकेत गेलेत. पयल्या दिवशी वहिनींनी माझा हात हातात घेतला आनि नाकापाशी नेला, माझा जीव वर. म्हनाली, लिंबू लावून आलीस होय गं. डोळ्यांत पानी आलं माझ्या. केस गेलेले, गाल बसलेले, पन जीभ तीच.

मला वाटलं, झालं, मानूस आता सावरेल. कुठलं काय. मंजुळा म्हनाली, आत्या, ते येतात, ताटाला नमस्कार करतात, दोन घास खातात आनि घड्याळ बघतात. बांगड्याची तुकडी ताटात तशीच असते. एक दिवस तिला म्हनाले, ही कागदात बांधून द्याल का, आनि मंग आपनच म्हनाले, नको, कुनाला देऊ. मंजुळा आत जाऊन रडली. पट्टा आजून आत गेला. टीचर म्हनाल्या, हिरा, हा मानूस तिच्या आधी जाईल. मी त्यांना गप केलं, पन माझ्याही मनात तेच होतं. बाहेरच्या मानसांनी कितीही ताटं वाढली तरी काय उपयोग, जिथं घास अडलाय तिथंच तो सुटायला पाहिजे.

मंग मी वहिनींना सांगून टाकलं. भाऊ आमच्याकडं गेलेले, मी पायाशी बसलेली. म्हनलं वहिनी, तुमचा नवरा जेवत नाय. वहिनी म्हनाली, जेवतात की, मी ऐकते ना रोज, ताटाचा आवाज येतो सैपाकघरातनं, वाटीत चमचा वाजतो. तवा आमच्या दोघींच्याही ध्यानात आलं, ताई. तो मानूस रिकामं ताट वाजवायचा. नळ सोडायचा, ताट धुवायचा, हात पुसत बाहेर यायचा आनि म्हनायचा, मस्त जेवलो. वहिनीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मला वाटलं मी हे बोलून चूक केली. मंग वळली आनि म्हनाली, हिरे, उद्या पाटी वर आन.

मी म्हनलं येड लागलं काय तुला. म्हनाली, दारात आन. आनि मुडदुशे नसतील तर येऊ नको.

आता मुडदुशे मागितले की मिळतात असं असतं का. बंदरावर त्या दिवशी सगळीकडं बोंबील. मी एकीच्या पाटीत बघितले तर ती देईना, तिचं गिऱ्हाईक ठरलेलं, मी तिच्याशी भांडले, मंग पाया पडले, मंग खरं काय ते सांगितलं, तवा तिनं निम्मे दिले. आनि घेऊन गेले वर. वहिनी दारात खुर्चीवर, डोक्याला रुमाल, मांडीवर शाल, हातात कापलेलं लिंबू नाकापाशी धरलेलं. टीचर बाजूला टब घेऊन उभ्या. आनि भाऊ मागं, त्यांना काय चाललंय तेच कळेना, म्हनत होते सुलू, आत चल, सुलू, हे काय. मी पाटीवरचं फडकं काढलं. वहिनींचं तोंड पांढरं झालं, मी बघत होते. एक हात लांब केला आनि मुडदुशाच्या पोटाला बोट लावून बघितलं. म्हनाली, नरम हाय. खोटं, लखलखीत ताजे होते. मी म्हनलं नरम असेल तर नको घेऊ, चालले मी. म्हनाली, भाव सांग आनि बाता कमी कर. आनि आमी भांडलो, दारात, सगळा जिना माझाच आवाज ऐकत होता. तिचा आवाज जिन्यापर्यंत जात नव्हता, पन माझ्यापर्यंत येत होता.

मंग तिनं भाऊंना सांगितलं, अहो, साफ करा, तळा, आनि इथं माझ्यासमोर बसून जेवा. भाऊ म्हनाले तुला त्रास होईल. ती म्हनाली, होऊ दे. तुमी ताट वाजवता त्याचा त्रास कमी होतो काय.

तळले त्यांनी. खिडक्या सगळ्या उघड्या, पंखा जोरात, पन वास तो वासच, अख्खं घर भरलं. वहिनींना पलंगावर टेकवून बसवलं, भाऊ समोर स्टुलावर, ताट मांडीवर. पयला घास घेतला आनि वहिनींना उलटी आली. भाऊ ताट ठेवून उठायला गेले तर हिनं हात वर केला. तोंडातनं शब्द निघत नव्हता तरी हातानं बसा म्हनत होती. मी एका हातानं टब धरला, दुसऱ्यानं तिची पाठ. श्वास लागला तवा म्हनाली, उठायचं नाय. हिराबाई हाय मला धरायला, तुमी जेवा. आनि तो मानूस जेवला. रडत जेवला, नाक गळत होतं, काटे काढत होता आनि जेवत होता, आनि ती बघत होती. लिंबू बाजूला पडलेलं, तिला त्याचं भान नव्हतं. एकेक घास मोजल्यासारखा बघत होती. सगळं संपल्यावर म्हनाली, भात घ्या आजून थोडा. त्यांनी घेतला.

आमी बायका म्हनतो नवऱ्यासाठी आमी अमूक केलं आनि तमूक केलं. मी आजवर लई संसार बघितले, वरनं खालनं, मासळीवाली सगळ्यांच्या दारात जाते. पन असली दोघं नाय बघितली. एकानं तिच्यासाठी तोंडची चव सोडली आनि दुसरीनं त्याच्यासाठी पोटातलं ओकून काढलं, आनि कुनी कुनाला उपकार सांगितला नाय. मला त्यांचा अभिमान वाटतो, खरं सांगते. माझं काय त्यात, मी नुसती पाटी वाहिली.

आता रोज नाय तसं करत, वहिनीच्या अंगात तेवढं बळ नाय. डॉक्टरांनी किमो थांबवलाय, म्हनाले घरी ठेवा, दुखू नये एवढंच बघू. पन भाऊ आमच्याकडं येतात दुपारी, आनि जेवतात, मंजुळा सांगते आज भात मागून घेतला. घरी गेले की वहिनी विचारते काय होतं, मंग हे सांगत बसतात, कालवन कसं होतं, मीठ कमी होतं का जास्त, तुकडी केवढी होती, सगळं. ती डोळे मिटून ऐकते. कदी झोप लागते तिला ऐकता ऐकता. मुलगी बाळंत झाली, नात झालीय, व्हिडिओवर दाखवली. टीचर सकाळी येऊन बसतात आनि आपली प्रार्थना करतात, वहिनी त्यांना म्हनते जरा मोठ्यानं करा.

परवा मला वहिनीनं विचारलं, हिरे, मी नसताना हे जेवतील का गं. मी म्हनलं, न जेवून जातात कुठं, मी हाय ना. असं बोलले खरं, पन खाली आल्यावर नारळाला टेकून उभी राहिले जरा वेळ, गिऱ्हाईक हाका मारत होतं तरी.

काय मागायचं देवाकडं ते मला आता कळेनासं झालंय. वहिनींसाठी आयुष्य मागावं तर तिचं दुखनं लांबतं, आनि सुटका माग म्हनाल तर माझी जीभ वळत नाय. म्हनून सकाळी पाटी उचलायच्या आधी मी भाऊंसाठी मागते. म्हनते, देवा, जे व्हायचं ते तुझ्या हातात हाय, पन पुढं त्या घरात तो एकटा बसेल तवा त्याला भूक लागू दे.